प्रतिसाद: सायकल ऑनलाइन घ्या, पण...

"ऑनलाइन सायकल स्वस्त पडते, दुकानाला जादा पैसे कशाला मोजायचे?" असं वर विचारलंय. सायकलपुरतं पटतं. पण पुण्यात बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर सायकलवर पार करायच्या राइडचा, नाद लागलेल्या कुणालाही विचारा. २०० किमी साडेतेरा तासांत संपवायचे. आदल्या संध्याकाळी आमच्या दुकानवाल्याकडे ही झुंबड! तो चाक उचलून फिरवतो, ब्रेकपॅडजवळ कान नेतो, स्पोकचं निपल (रिमजवळची छोटी नट) अर्धा आटा पिळून चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, काढतो. वर मागचा लाल दिवा लावून दाखवायला लावतो. नवख्यांना पंक्चर स्वतः काढायला बसवतो, म्हणजे स्वतःच्याच गल्ल्यावर पाणी! रविवारी कात्रज घाटात सगळ्यांत मागे रेंगाळणाऱ्यासोबत त्याचाच पोऱ्या असतो, जादा ट्यूब आणि पंप घेऊन. मजुरीत घासाघीस मात्र अजिबात चालत नाही, आणि का चालावी?