मदत हवी आहे: एस्टिमेटेड टॅक्सचे दोन हप्ते चुकले

न्यू जर्सीत राहतो, जॉइंट रिटर्न (नवरा-बायकोचं मिळून एकच) भरतो. बायको फेब्रुवारीपासून फ्रीलान्स करते. पैसे १०९९ वर (नोकरीबाहेरच्या कमाईचा फॉर्म), कर कापला जात नाही. अशा कमाईवर अंदाजाने आगाऊ कर (एस्टिमेटेड टॅक्स) भरावा लागतो आणि त्याचे १५ एप्रिल आणि १५ जूनचे हप्ते भरायचे असतात, हे परवा कळलं. तिच्या वहीत खर्च वजा जाता १८,४०० डॉलर दिसतात. काळजी वाटतेय.

पैसे बाजूला आहेत, आजही डायरेक्ट पेवरून (आयआरएस, म्हणजे केंद्रीय कर खात्याची ऑनलाइन सोय) भरू शकतो. पण पगारातून कापलेला कर वर्षभर समान भरला असं धरतात, असं वाचलं. मग मी आता डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) बदलून माझ्या उरलेल्या पगारांतून जास्त कापून घेतला, तर मागच्या दोन हप्त्यांचा दंड टळतो का? गेल्या वर्षीचं आमचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या आत होतं. न्यू जर्सीच्या राज्य करालाही हेच लागू होतं का?