विजापूर 'उरकून' येणाऱ्यांना

भीमाकाठचा
परवा 'चारशे रुपयांत विजापूर' असं वर्णन वाचलं. लिहिणारे आपलेच पावतीबहाद्दर. सकाळी सोलापूरहून निघाले, गोलघुमटात ओरडून आले, मुलुखमैदान तोफेला टेकून फोटो काढला आणि तीनच्या गाडीने परत. शेवटचं वाक्य असं: 'अर्धा दिवस पुरे, बाकी नुसते पडके वाडे आहेत.' दोन दिवस गप्प राहून बघितलं. नाही जमलं.

अहो, इब्राहिम रोजा राहिला की! रोजा म्हणजे मकबरा, कबरीवरची इमारत. गावाच्या पार पश्चिमेला, तटाबाहेर आहे. रेल्वे स्टेशन आणि गोलघुमट पूर्वेला, त्यामुळे गाडीतून उतरलेला माणूस घुमट बघतो, तिथेच दमतो आणि परत फिरतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने हा रोजा राणी ताज सुलतानासाठी बांधायला घेतला, पण १६२७ साली तो स्वतःच आधी गेला. खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात कोरलेली अक्षरं आहेत. वेल नाही, फूल नाही, अक्षरं. त्यांतून आत उजेड येतो. तो बघायला दोन तास नाहीत?

आणि खर्चाचं कारण सांगू नका. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं ते गोलघुमटाला आणि रोज्याला, पंचवीस-पंचवीस रुपये. जामा मशीद, बारा कमान, ताज बावडी, उपली बुरूज, मेहतर महाल फुकट. म्हणजे तुम्ही जे सोडून आलात त्यातलं बहुतेक फुकटच होतं. कंजुषी करायची तर ती तरी नीट करावी माणसाने.

माझं म्हणणं एवढंच, की एक मुक्काम करा. पहिल्या दिवशी पूर्वेकडचं आणि मधलं: घुमट, जामा मशीद, असर महाल, मेहतर महाल, संध्याकाळी बारा कमान. दुसऱ्या दिवशी पश्चिम: तोफ, उपली बुरूज, ताज बावडी, रोजा. रिक्षाचे पैसेही वाचतात, कारण उलटसुलट फिरावं लागत नाही.

पावतीबहाद्दर
माझ्यावर अख्खा लेख! धन्य झालो. एक मुक्काम म्हणजे खोलीचं भाडं, दोन जेवणं, रात्रीचा चहा. तिथेच हजार गेले. मी रोजंदारीवरचा माणूस आहे, रविवार एकच असतो. चारशे रुपयांत जे दिसलं ते दिसलं. 'सगळं बघा नाहीतर जाऊच नका' हे पेन्शनवाल्यांचं पर्यटन झालं.

बाकी 'पडके वाडे' हा शब्द चुकला, मान्य. काही वाडे उभे आहेत.

रोजचीप्रवासी
खर्चाचं निघालंच आहे तर बायकांचा हिशेब कुणीच कसा सांगत नाही? मैत्रिणीने ठासून सांगितलं होतं, 'कर्नाटकात बायकांना बस फुकट, बिनधास्त जा.' गेले. कंडक्टरने आधार कार्ड मागितलं, पत्ता बघितला आणि पूर्ण तिकीट फाडलं. ती शक्ती योजना कर्नाटकात राहणाऱ्या बायकांसाठी आहे. बरं, आपल्या एसटीने जावं तर अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच. म्हणजे भीमा ओलांडेपर्यंत मी सन्माननीय महिला, पुलाच्या पलीकडे नुसती प्रवासी.

इंडीकडचा
ताई, आमच्याकडच्या बायकांनाही सोलापुरात उतरल्यावर तसंच वाटतं हो. आणि एक विनंती. गावाचं नाव २०१४ पासून विजयपुरा आहे. बसवरची पाटी वाचताना गोंधळ होतो म्हणून सांगतोय, भांडायला नाही.

भीमाकाठचा
बसवर विजयपुरा, तोंडात विजापूर. आमची आजी मरेपर्यंत मुंबईला 'ममई' म्हणायची, तिला कुणी दुरुस्त केलं नाही.

कानगोष्ट
सगळं राहू द्या. मूळ पोस्टमधलं 'ओरडून बघितलं' हे कुणालाच कसं खटकलं नाही? गोलघुमटाच्या आतल्या सज्जाची गंमत कुजबुजण्यात आहे. भिंतीशी तोंड नेऊन हळू बोललं तर समोरच्या टोकाला, म्हणजे सव्वाशे फुटांपलीकडे, कान लावून बसलेल्याला स्वच्छ ऐकू येतं. कागद फाडल्याचा आवाजही जातो. पण हे कधी ऐकणार? सात मजल्यांचे अरुंद जिने चढून वर जावं, तर चाळीस माणसं 'ओऽऽऽ' करत असतात. मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा डोकं धरून खाली आलो. चौकीदार गप्प करायला शिट्टी मारतो आणि तीच शिट्टी सात वेळा ऐकावी लागते. एवढा अडाणीपणा जगात दुसरीकडे कुठे बघितला नाही. खरं तर वर जाताना प्रत्येकाच्या तोंडाला पट्टी बांधली पाहिजे.

पावतीबहाद्दर
सात नाही, दहा वेळा घुमतो. मी मोजलेत.

कानगोष्ट
तुम्ही ओरडत होतात, मोजत कोण होतं?

निवृत्तमास्तर
अडाणीपणा हा शब्द परत घ्या. मी मंगळवेढा तालुक्यात तीस वर्षं शिकवलं. डिसेंबर-जानेवारीत एसटी ठरवून शाळेची सहल विजापूरला न्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. पोरं पहाटे चारला आईने बांधून दिलेली भाकरी-चटणी घेऊन यायची. त्यातल्या बऱ्याच जणांनी त्याआधी तालुक्याचं गाव सोडून काही बघितलेलं नसायचं. ती सज्जात उभी राहून ओरडतात, आणि आपलाच आवाज फिरून येतो तेव्हा एकमेकांकडे बघतात. त्यांना मी सांगू, 'गप्प बसा, पुण्याच्या साहेबांना कागद फाडायचाय'?

एका वर्षी एका पोराने वरून हेडमास्तरांचं टोपणनाव ठोकून दिलं. नाव इथे लिहीत नाही, पण ते एका वाळवलेल्या माशाचं होतं. हेडमास्तर खाली बरोबर मधोमध उभे. घुमटाने ते नाव सात वेळा म्हटलं. पहिल्या तीन वेळा आम्ही शिक्षक गंभीर राहिलो. पुढचं जमलं नाही. स्वतः हेडमास्तर परतीच्या गाडीत हसले. प्रतिध्वनीचा धडा मी पुस्तकातून वीस वेळा शिकवला असेन, पोरांना कळला तो त्या दिवशी.

कानगोष्ट
गोष्ट छान आहे. पण मास्तर, ती जागा एक कबर आहे. खाली मोहम्मद आदिलशहा, त्याच्या राण्या, मुलगी, नातू यांच्या कबरी आहेत. कुणाच्या घरच्या समाधीवर जाऊन 'बोंबील' ओरडाल का?

आणि मी पुण्याचा नाही. बार्शीचा आहे.

निवृत्तमास्तर
बोंबील तुम्ही म्हणालात, मी नाही.

अर्धाचहा
कबरीचा आदर वगैरे ठीक आहे, पण बांधणारा ज्या मापाने बांधून गेला त्यात आवाज घुमणारच. १६५६ साली मोहम्मद आदिलशहा मेला तोवर काम चाललेलंच होतं. वास्तुकार म्हणून आमच्या कोकणातल्या दाभोळच्या याकूतचं नाव घेतात, हेही जाता जाता सांगतो, कारण कोकणाला श्रेय द्यायची इथे कुणाला सवय नाही. आत एकही खांब नाही. एकमेकांना छेदणाऱ्या कमानींवर एवढा घुमट तोलून धरलाय. लोक वर बघत नाहीत, नुसते ओरडतात, ही माझीही तक्रार. पण तोंडाला पट्टी म्हणजे अतीच झालं.

रोजचीप्रवासी
ओरडण्यात मुलांपेक्षा बाप पुढे असतात. माझ्यासमोर एका गृहस्थांनी पूर्ण शिवगर्जना म्हटली. प्रत्येक ओळीवर मागची ओळ येऊन आदळत होती, शेवटी नुसता गलका झाला. त्यांची बायको जिन्याच्या तोंडाशी चप्पल घालून तयार उभी होती.

सदाशिवपेठी
हाक मारलीत म्हणून आलो. आवाजाचं तुम्ही बघा, मला तोफेबद्दल बोलायचंय. 'मुलुखमैदानला टेकून फोटो' एवढ्यावर सगळे पुढे गेले. ती तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली. नंतर परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती विजापुरात नेली. पंचावन्न टन! थोडक्यात, आपली तोफ त्यांच्या बुरुजावर आहे.

इंडीकडचा
आपली म्हणजे नेमकी कुणाची? ओतवून घेणारी निजामशाही, ओतणारा मोहम्मद बिन हुसेन रूमी, रूमी म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. त्या हिशेबाने तुर्कस्तानला देऊन टाकू.

भीमाकाठचा
मुरार जगदेव म्हणजे पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याचं ज्याच्या नावावर सांगतात तोच. पेठेतून आवाज का येतोय ते आत्ता कळलं. जखम जुनी आहे.

सदाशिवपेठी
त्याच मुरार जगदेवाने भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला केली, त्यावरून तुळापूर, हेही सांगा मग. हत्ती नावेत चढवून पाणी कुठवर येतं ती खूण करायची, मग हत्ती उतरवून पाणी त्याच खुणेला येईतो दगड भरायचे आणि ते दगड तोलायचे. ही युक्ती शहाजीराजांची म्हणतात. अर्धवट इतिहास सांगायचा नाही.

अर्धाचहा
१८५४ साली इंग्रजांनी ती तोफ मोडीत काढायला लिलाव केला होता, बोली लागली फक्त दीडशे रुपयांची. पुढे लिलाव रद्द झाला. पावतीबहाद्दर, तुमच्या चारशेत बसली असती बघा.

पावतीबहाद्दर
बसली असती. पण परतीच्या एसटीत लगेज लावलं असतं.

सदाशिवपेठी
आणि जाताय तर साठ कबर बघून या. प्रतापगडाच्या मोहिमेआधी अफझलखानाने आपल्या बायका मारल्या, त्यांच्या कबरी.

निवृत्तमास्तर
ही दंतकथा आहे. रांगेने सारख्या कबरी आहेत हे खरं, बाकी रिक्षावाला जेवढा रंगात येईल तेवढा आकडा वाढतो. पोरांना मी सांगायचो, दिसतंय ते वहीत लिहा, ऐकलंय ते वेगळ्या पानावर.

कानगोष्ट
आमचा मुद्दा तोफेखाली गाडला की काय? मास्तर, तुम्ही वही काढायला लावत होतात, मग पाच मिनिटं गप्प राहायलाही लावता आलं असतं. मी मुलांच्या विरुद्ध नाही. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असताना त्यांना घेऊन गेलो होतो. एक कान कामातून गेलेला. जिना चढायला पाऊण तास लागला, प्रत्येक मजल्यावर बसत बसत. वर पोचलो तर दोन बसगाड्या आधीच आलेल्या. ते भिंतीशी बसून राहिले, मी पलीकडे. ते काहीतरी बोलत होते, ओठ हलताना दिसत होते. मला 'ओऽऽ' शिवाय काही ऐकू आलं नाही. खाली आल्यावर विचारलं काय म्हणालात, तर म्हणे, 'आता आठवत नाही.' झालं. यावर माझा राग आहे, आणि तो राहणार.

निवृत्तमास्तर
हे आधी सांगायचं की ओ. उगाच अडाणी-बिडाणी म्हणत बसलात.

आमचं चुकलं असेल तर वेळेत चुकलं. शाळेच्या गाड्या सगळ्या नऊ-दहालाच पोचतात. उजाडता उजाडता वर गेलं तर चिटपाखरू नसतं. आमच्या घरच्यांना घेऊन मी तसाच गेलो होतो. बायको पलीकडे, मी भिंतीला कान लावून. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, मनात म्हटलं काय ऐकू येतंय कोण जाणे. आलं ते 'इथे चहा मिळतो का बघा'.

रोजचीप्रवासी
मिळाला का?

निवृत्तमास्तर
फाटकाबाहेर. गोड होता फार.

इंडीकडचा
उजाडता वर जायचं तर आदल्या रात्री गावात असावं लागतं. म्हणजे भीमाकाठच्यांचा मुक्काम आलाच. रात्री खानावळीत जेवा. ज्वारीची कडक भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी आणि वर दही. हॉटेलात पनीर मागवणाऱ्यांसाठी मी इथे लिहीत नाही. आणि गोलघुमटासमोरच्या नक्कारखान्यातलं वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असतं, त्या दिवशी येऊन नंतर आमच्या नावाने ओरडू नका. ओरडायची जागा वेगळी आहे.

भीमाकाठचा
जामा मशिदीतही सकाळीच जा. औरंगजेबाने नमाजासाठी फरशीवर आखून घेतलेल्या सव्वादोन हजार चौकटी आहेत, उन्ह तिरपं असताना रेघा उठून दिसतात.

पावतीबहाद्दर, रोजंदारीचं मला माहीत नव्हतं. तेवढ्यापुरतं 'कंजुषी' मागे घेतो. 'अर्धा दिवस पुरे' मागे घेणं तुमच्याकडे लागलं.

पावतीबहाद्दर
घेतलं. अर्धा दिवस पुरत नाही, मला मात्र तेवढाच मिळाला होता. आता संक्रांतीला जोडून सुट्टी पडतेय. शनिवारी संध्याकाळी निघतो, रात्री खानावळ, रविवारी उजाडता घुमट, मग सगळी पश्चिम. खोली सोबत्याबरोबर निम्मी-निम्मी. हिशेब साडेआठशेवर गेलाय. वरचे साडेचारशे तुमच्या नावावर मांडतो.

आणि आधीच सांगून ठेवतो, एकदा ओरडणार.

कानगोष्ट
संक्रांतीला जोडून मीही जातोय. सातपर्यंत मला द्या. पुढे घुमट तुमचा.

सदाशिवपेठी
तोफेचं कुणी काही बोललंच नाही.