मदत हवी आहे: सहा पिल्लांतलं सगळ्यात लहान पिल्लू वाढत नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात

नमस्कार मंडळी,

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या बाजूला राहतो. घरची गावठी कुत्री आहे, मामाजींसोबत वावरात जागलीला जाते. रोही आणि रानडुकरं तिच्या भुंकण्यानंच धुऱ्यापलीकडे राहतात. ती यंदा कोठ्यात, कुटाराच्या ढिगाऱ्यात व्याली. सहा पिल्लं झाली. पाच चांगली गुबगुबीत आहेत, पण सगळ्यात लहान जी मादी आहे तिची फार काळजी वाटते.

पिल्लं आता तीन आठवड्यांची आहेत. किराणा दुकानाच्या काट्यावर बाकीची किलोच्या आसपास भरली, ही चारशे ग्रॅमसुद्धा नाही. आचळाला लागते, पण चार घोट ओढले की थकते आणि तोंडातून आचळ सुटतं. तेवढ्यात एखादं मोठं भावंड तिला ढकलून देतं. पोट टम्म आणि पाय काड्यांसारखे. शी पातळ आहे, मध्ये एकदा डांबरासारखी काळी झाली. पहाटे पाहावं तर सगळी एकावर एक झोपलेली आणि ही बाजूला पडलेली, पंजे गार. आज उन्हात नेऊन सगळ्यांचे ओठ वर करून पाहिले. भावंडांच्या हिरड्या गुलाबी आहेत, हिच्या पांढऱ्याफटक. अंगावर पिसवाही खूप आहेत.

नाकातून दूध येत नाही. बॅटरी लावून तोंडात पाहिलं, टाळू फाटलेला नाही. रात्री लाइन जाते म्हणून बल्बच्या भरवशावर न राहता गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवते.

वरून शेळीचं दूध द्यावं का? इतक्या लहान जिवाला जंताचं औषध चालतं का? घरात गुरांचं गोचिडाचं इंजेक्शन आहे, शेजारचे काका म्हणतात थेंबभर टोचून टाका, पिसवा आणि जंत दोन्ही जातील. माझा धीर होत नाही. घरात सगळे म्हणतात की सहातलं एखादं जायचंच. मला हे मान्य नाही. ती अजून आचळ शोधत सरकत येते, म्हणजे तिला जगायचं आहे.

काळीमाती:
ताई, ते इंजेक्शन अजिबात टोचू नका. गुरांच्या त्या इंजेक्शनात बहुतेक आयव्हरमेक्टिन असतं. मोठ्या जनावराच्या मापानं बनवलेलं असल्यामुळे त्याचा एक थेंबही एवढ्याशा पिल्लाला जास्त होतो. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला तर ते नकोच. थरथर, आंधळेपणा, झटके, मग बेशुद्धी, असा प्रकार होतो. गुरांवर फवारायचं औषधही तिच्या अंगाला लागू देऊ नका.

पिसवांसाठी उवांची बारीक फणी घ्या. मान, शेपटीचं बूड आणि जांघा इथून विंचरा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवत राहा. फणीला काळी भुकटी लागेल, ती ओल्या कापसावर ठेवून पाहा. तांबडा डाग पसरला तर ते पिसवेनं प्यायलेलं रक्त आहे. चारशे ग्रॅमच्या पिल्लात रक्त असतं तरी किती! नुसत्या पिसवांनीही एवढं पिल्लू पांढरं पडू शकतं. कुटार पूर्ण बदला आणि जागा उन्हात झाडून घ्या, कारण पिसवांची अंडी आणि अळ्या अंगावर कमी, जमिनीत जास्त असतात.

रानतुळस:
मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते. फोटो नाही, त्यामुळे खात्रीनं सांगणार नाही, पण पांढऱ्या हिरड्या, टम्म पोट आणि काळी शी एकत्र म्हटलं की पहिला संशय हुकवर्मवर जातो. हा जंत आईच्या दुधातून पिल्लात येतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. गोलकृमी तर पोटात असतानाच, जन्माआधी येतात, टम्म पोट बहुधा त्यांचंच. म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करतात: दुसरा, चौथा, सहावा आणि आठवा आठवडा. पायरँटेल या वयात चालतं, पण डोस वजनावर ठरतो, म्हणून अंदाजानं देऊ नका. सहाही पिल्लांना आणि आईलाही एकाच वेळी द्यायला हवं, नाहीतर दुधातून पुन्हा येणारच.

आता ऊब आणि दूध. यात क्रम फार महत्त्वाचा आहे. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. अंग गार असताना आतडं चालत नाही, दूध पोटात तसंच पडून नासतं किंवा उलटून श्वासात जातं. आधी हळूहळू ऊब द्या, तास-दीड तास लागला तरी चालेल. पिल्लू एकदम ढिलं वाटलं तर ऊब आल्यावर ग्लुकोजचं पाणी बोटानं हिरडीला चोळा. टोपल्याच्या एकाच बाजूला बाटली ठेवा, म्हणजे गरम झालं तर तिला दुसरीकडे सरकता येईल.

दुधाचं म्हणाल तर कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, लॅक्टोज मात्र कमी. म्हणून गाईच्या दुधानं पोट भरलं तरी पिल्लू वाढत नाही आणि जुलाब लागतात. शेळीचं दूध अडीनडीला ठीक आहे, पण तेही पातळच पडतं. पिल्लांची दूध पावडर मिळाली तर उत्तम. पाजताना तिला पोटावर ठेवा. माणसाच्या लेकरासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं.

त्याहून चांगलं म्हणजे आईचंच दूध. मोठ्या पाचांना दर दोन-तीन तासांनी थोडा वेळ वेगळं ठेवा आणि हिला मागच्या आचळाला लावा, तिथे सहसा दूध जास्त असतं. रोज एकाच वेळी वजन करून भिंतीवर लिहा. वजन तिथंच अडलं किंवा उतरलं तर वाट पाहू नका. खरं तर हिरड्या इतक्या पांढऱ्या असतील तर उद्या नाही, आजच दाखवा.

एक राहिलं. घरात लहान मुलं असतील तर त्यांना कोठ्यात अनवाणी जाऊ देऊ नका. हुकवर्मच्या अळ्या माणसाच्या कातडीतूनही शिरतात.

पळसफूल:
ताई, 1962 वर फोन करून पाहा, पशुसंवर्धन विभागाचा फिरता दवाखाना असतो. मुख्यतः गुरांसाठी आहे, पण डॉक्टरांशी बोलणं तरी होईल. नाहीतर तालुक्याचा दवाखाना गाठा. जाताना शी छोट्या डबीत घेऊन जा, ताजीच.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवून आलो. मामाजी स्वतः टोपलं मांडीवर घेऊन बसले होते. शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, हुकवर्मची अंडी निघाली. मोजून पायरँटेल दिलं, सहाही पिल्लांना आणि आईलाही औषध झालं, हिला लोहाचे थेंब सुरू केले. ऊब, फणी आणि वेगळं पाजणं तुम्ही सांगितलं तसंच चालू आहे. ओल्या कापसावर तांबडा डाग पसरला तेव्हा मामाजी काही न बोलता उठले आणि सगळं कुटार बाहेर काढून आले.

वजन चारशेच्या वर गेलं आहे. हिरड्या अजून फिक्या आहेत, पण पांढऱ्याफटक नाहीत. काल पहिल्यांदा भावंडावर गुरगुरली.

आता नवी चिंता आहे. डॉक्टरांना हृदयाच्या ठोक्यात फुसफुस असा जादा आवाज ऐकू आला. ते म्हणाले की रक्त पातळ झालं की असा आवाज येतो आणि रक्त भरलं की बहुधा जातो. सहा-सात आठवड्यांची झाल्यावर पुन्हा ऐकायचं. तेव्हाही असला तर जन्मजात दोष असू शकतो आणि सोनोग्राफी करावी लागेल. त्यासाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय बरं की अकोल्याची पशुवैद्यक संस्था? एवढ्या लहान पिल्लाची हृदयाची तपासणी तिथे कोणी करून घेतली आहे का? आमच्याकडे गाडी नाही, तेव्हा एसटीनं टोपल्यात पिल्लू नेऊ देतात का, हेही कोणाला ठाऊक असेल तर कृपया सांगा.