झुलत्या पेटीचं पेटंट मिळेल का? व्हिडिओ आधीच यूट्यूबवर गेलाय

सॅम्पलवाली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. आमच्याकडे आजरा-चंदगड बाजूच्या कलेक्शन सेंटरवरून रोज रक्ताचे सॅम्पल येतात, पोरगा मोटरसायकलला आइसबॉक्स बांधून आणतो, रस्ते कसे आहेत ते सांगायला नको, पावसाळ्यात तर विचारूच नका. होतं काय की ट्यूबा डब्यात आडव्या पडतात, एकमेकींवर आपटतात, कधी थेट बर्फाच्या पॅकला चिकटतात आणि इथं येऊन सेंट्रिफ्यूज केलं (मशीनमध्ये गरागरा फिरवलं) की सीरम, म्हणजे वर उरणारं पाणी, पिवळं यायचं ते गुलाबी येतं. म्हणजे हिमोलिसिस, तांबड्या पेशी फुटल्या. पेशीतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि मशीन ६.८ दाखवतं, डॉक्टर घाबरून फोन करतात, पेशंटला परत बोलवायचं, परत सुई टोचायची, आणि दुसऱ्या सॅम्पलला ४.३. म्हातारी माणसं शिव्या घालतात आणि त्यांचं बरोबरच आहे की.

तर मी आणि माझे दीर (त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे) दोघांनी मिळून एक पेटी केली. आइसबॉक्सच्या आत ट्यूबांची जाळी टांगलीय, पाळण्यासारखी, पण पाळणा एकाच दिशेला झुलतो, ही दोन्ही बाजूंना झुलते, त्यामुळं गाडी कशीही कलली तरी ट्यूबा उभ्याच. पहिल्या पेटीत वेगळाच ताप झाला, खड्डा आला की जाळी इतकी जोरात हलायची की ट्यूबा भिंतीवर आदळायच्या, आगीतून फुफाट्यात. मग त्यात एक सुधारणा केली.

(इथला परिच्छेद काढलाय, का ते खालचा पहिला प्रतिसाद वाचा म्हणजे कळेल.)

आता प्रश्न. एक, याचं पेटंट मिळेल का. दोन, चार महिन्यांपूर्वी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली पेटी ठेवली होती आणि तिथल्या पोरांनी व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकलाय, त्यानं काही बिघडतं का. तीन, आमचे सर म्हणतात लॅबच्या नावावर करू, खर्च मी करतो. सर माणूस वाईट नाहीत पण पेटी आम्ही घरी रविवारी बसून केलीय, पत्राही आमचाच. काय करू?

फॉर्म_नंबर_दोन
ताई, आधी तो सुधारणेचा परिच्छेद उडवा. आत्ताच्या आत्ता. उडवला की मगच पुढचं वाचा.

...

उडवलात ना? बरं. मी मुंबईत पेटंट एजंटकडे ड्राफ्टिंग करतो, रोज हेच बघतो. लोक फोरमवर सगळं खुल्लमखुल्ला लिहितात आणि शेवटी विचारतात पेटंट मिळेल का. अर्ज करायच्या आधी जे जगाला कळलं ते नवीन राहत नाही, मग ते तुम्ही स्वतः सांगितलेलं असलं तरी. यूट्यूब म्हणजे जगच.

प्रदर्शनाचं म्हणाल तर कायद्यात सवलत आहे, कलम ३१, पण ती केंद्र सरकारनं गॅझेटमध्ये जाहीर केलेल्या प्रदर्शनाला, आणि तिथून १२ महिन्यांच्या आत अर्ज केला तर. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन त्यात बसणार नाही. म्हणजे व्हिडिओत जेवढं दिसतंय तेवढं गेलं असं धरून चाला.

तसंही नुसत्या झुलत्या जाळीवर काही मिळालं नसतं. जहाजावरचं होकायंत्र अशाच दुहेरी कड्यांत शतकानुशतकं टांगतात. एक्झामिनर (पेटंट ऑफिसातला तपासणारा) म्हणेल, होकायंत्राच्या जागी ट्यूबा टांगल्या, यात नवल काय? नवीन असणं ही एक परीक्षा आणि त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचलं नसतं ही दुसरी, दोन्ही पास व्हाव्या लागतात.

पण तुम्हीच लिहिलंय की टांगल्यावर नवा ताप झाला आणि तो तुम्ही सोडवलात. तुमचं पेटंट असलंच तर तिथे आहे. व्हिडिओत ती दुसरी गोष्ट दिसतेय का? एकदा फ्रेम थांबवून थांबवून बघा.

मोटरसायकलवर ट्रायल घेतल्यात त्याची फार काळजी करू नका, जिथे ट्रायल चारचौघांत घेण्यावाचून गत्यंतर नसतं तिथे मागच्या एक वर्षातल्या ट्रायलला कलम ३२ मध्ये सूट आहे. पण ट्रायल म्हणजे ट्रायल, रोजच्या धंद्यात वापरायला लागलात की ती ट्रायल राहत नाही.

सरांचं नंतर लिहितो, जेवण वाढलंय.

जुना_पिपेटवाला
ताई, वाचून जीव हरखला. मी रिटायर्ड लॅबवाला, आमच्या वेळी तोंडानं पिपेटिंग करायचो. काचेची नळी, वर तोंड, खाली सीरम, नजर रेषेवर, आणि जरा लक्ष गेलं की सीरम जिभेवर. खारट लागतं. त्या चवीनं मी एकदा दोन दिवस जेवलो नव्हतो. कावीळ झालेले सहकारी पाहिलेत.

आज तुम्ही अंगठ्यानं टक टक करता ना, ते मायक्रोपिपेट जर्मनीतल्या मारबुर्गच्या हाइनरिश श्निट्गर नावाच्या माणसाचं. तोंडानं ओढायला वैतागला आणि त्यानं स्प्रिंगवरचा दट्ट्या आणि काढता येणारी प्लॅस्टिकची टिप असं बनवून १९५७ मध्ये पेटंटचा अर्ज केला. पुढे एपेनडॉर्फनं ते बाजारात आणलं. सांगायचं कारण, दट्ट्या जुना, स्प्रिंग जुनी, इंजेक्शनची सिरिंज सगळ्यांनी पाहिलेली. पण द्रव टिपमध्येच राहतो, दट्ट्याला लागत नाही, मध्ये हवा असते, टिप फेकली की काम झालं, ही जी जुळणी आहे ती त्याची. त्यामुळं होकायंत्राच्या बोलण्यानं नाउमेद होऊ नका.

उलट गोष्टही ऐका. थर्मास घरात असेलच. ते मुळात लॅबचं भांडं. जेम्स ड्युअर यांनी १८९२ मध्ये लंडनला, अतिथंड द्रवरूप वायू उडून जाऊ नयेत म्हणून दोन भिंतींचं काचेचं भांडं केलं आणि मधली हवा काढली. पेटंट घेतलं नाही. एका जर्मन काच कारागिरानं, राइनहोल्ड बुर्गर, त्याला धातूचं कवच घातलं, चहा-दुधासाठी वापरायचं ठरवलं, पेटंट घेतलं, आणि १९०४ पासून ते थर्मॉस नावानं विकायला लागले. ड्युअर कोर्टात गेले पण हाती काही लागलं नाही. आम्ही आजही लॅबमध्ये ड्युअर फ्लास्क म्हणतो आणि घरी थर्मास म्हणतो, एकाच भांड्याला.

भोसरीकर
+१ काका.
मी पॅकेजिंगवाला, माझा अनुभव कडू आहे. पाऊच सील करताना कोपरा सुरकुतायचा त्यावर एक जिग (माल नीट धरून ठेवणारा साचा) केली होती, मोठ्या गिऱ्हाइकाला दाखवायला नेली, त्यांच्या माणसानं मोबाइलवर फोटो काढले, मी म्हटलं काढू दे. सहा महिन्यांनी त्यांच्या दुसऱ्या व्हेंडरकडे तशीच जिग. नाव घेत नाही. कागद नव्हता, भांडणार कशावर. तेव्हा ताई घ्या पेटंट, पण हेही डोक्यात ठेवा की पेटंट मोडलं तर कोर्टात तुम्हालाच जायचंय, सरकार येऊन लढत नाही.

दुसरं म्हणजे लिहिताना "रक्ताच्या सॅम्पलची पेटी" असं लिहून स्वतःला कोंडून घेऊ नका. बबल रॅप माहितीय ना, पोरं फोडत बसतात तो? १९५७ मध्ये न्यू जर्सीत अल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी दोन प्लॅस्टिकचे पडदे एकमेकांना चिकटवले, मध्ये हवेचे फुगे राहिले, आणि त्यांना काय विकायचं होतं तर भिंतीवर लावायचा वॉलपेपर! कुणी घेतला नाही. मग ग्रीनहाऊसला लावून बघितलं, तेही नाही चाललं. नंतर आयबीएमचे कॉम्प्युटर गुंडाळायला लागले तेव्हा धंदा झाला. तुमची पेटी उद्या लशीला लागेल, अंड्यांना लागेल, कुणी सांगावं.

हळदकुंकू
अवांतर होतंय पण विचारते. आमच्या आजीचा एक लेप आहे, हळद, तुरटी आणि अजून दोन वस्तू, जखमेवर एक नंबर. त्याचं पेटंट मिळेल का? मिळालं तर मीही श्रीमंत होते :)

फॉर्म_नंबर_दोन
@हळदकुंकू, अवांतर नाहीये, उलट अगदी मुद्द्याचं आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत नेमकं हेच झालं, मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं होतं! आपल्या सीएसआयआरनं (केंद्र सरकारची संशोधन संस्था) त्याला आव्हान दिलं, तेव्हा महासंचालक आपले रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. आता आमच्या आज्या लावत होत्या असं नुसतं सांगून अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात चालत नाही, छापील पाहिजे. म्हणून संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या भारतीय मेडिकल जर्नलमधल्या लेखापर्यंत एकूण ३२ संदर्भ गोळा केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आता तर आपल्या कायद्यात कलम ३(पी) आहे, परंपरेनं चालत आलेल्या ज्ञानावर पेटंट नाही. तेव्हा आजींचा लेप राहू द्या, पण त्या "अजून दोन वस्तू" तेवढ्या सांगून टाका.

@सॅम्पलवाली, बघा, ज्या नियमानं हळद सुटली त्याच नियमात तुमचा व्हिडिओ अडकलाय. आधीच लोकांसमोर असलेलं ते कुणालाच मिळत नाही, त्यांनाही नाही आणि तुम्हालाही नाही.

आता सरांचं. अर्ज करायचा हक्क ज्यानं शोध लावला त्याचा, किंवा त्यानं लिहून दिलं असेल तर दुसऱ्याचा. नोकरीत लावलेला शोध मालकाचा असं आपल्या पेटंट कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये तसं काही आहे का ते बघा. नसेल तर तुम्ही सही केल्याशिवाय लॅबचं होत नाही. सरांनी खर्च केला म्हणून ते शोध लावणारे ठरत नाहीत. आणि दीर मात्र ठरतात, त्यांनी नुसतं तुमच्या सांगण्यावरून वेल्डिंग केलं नसेल, डोकंही चालवलं असेल, तर त्यांचं नाव टाका. नंतरची भांडणं जास्त महाग पडतात.

खर्च तुम्हाला वाटतो तेवढा नाही. स्वतःच्या नावानं ऑनलाइन भरलं तर अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये, ३० पानं आणि १० क्लेमपर्यंत (क्लेम म्हणजे नेमका कशावर हक्क सांगताय ते मुद्दे). तपासणीची फी वेगळी, फॉर्म १८, ४,००० रुपये. अर्जदारांत एक जरी बाई असेल तर लवकर तपासणी मागता येते, फॉर्म १८ए, ८,००० रुपये. एजंटची फी वेगळी, ती आमचं पोट. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता अर्ज) टाका, तारीख हातात येईल, मग पूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन) द्यायला १२ महिने मिळतात. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं.

पण त्याआधी शोधून बघा कुणी केलंय का. इनपास (भारतीय पेटंट ऑफिसची साइट) आणि एस्पेसनेट (युरोपियन पेटंट ऑफिसची) यांवर फुकट बघता येतं. पेटंटं वर्गवार लावलेली असतात, ट्यूबांच्या स्टँडचा वर्ग बी०१एल ९/०६ आणि धक्क्यापासून वाचवणाऱ्या पॅकिंगचा बी६५डी ८१/०२, दोन्हीकडे बघा. तुमची वस्तू बरोबर दोन्हींच्या मध्ये पडते, म्हणून लोक एकीकडे बघून निवांत होतात आणि नंतर एक्झामिनर दुसरीकडचं काढून दाखवतो.

आणि आकडे ठेवा. जुन्या पेटीतून आलेल्या किती सॅम्पलना हिमोलिसिस, नव्या पेटीतून आलेल्या किती, तोच रस्ता, तोच पोरगा, शक्यतो तोच दिवस. "चांगलं चालतं" याला तिथे किंमत नाही.

सॅम्पलवाली
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. काल रात्री लेक झोपल्यावर दीर आणि मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. पहिलीच पेटी आहे, ती दुसरी गोष्ट त्यात नाही, तेव्हा सुचलीच नव्हती. एका ठिकाणी दिरांचा हात मध्ये येतो तिथं छातीत धस्स झालं, पण हातात पक्कड आहे.

अपॉइंटमेंट लेटर शोधलं तर सापडलं ते एक पानाचं, पगार आणि वेळ एवढंच. सरांना आज सांगितलं की नाव आमचं दोघांचं, पेटी लॅबला आम्ही वापरायला देऊ. गप्प झाले जरा वेळ, मग म्हणाले बरं. हिमोलिसिसचं रजिस्टर मात्र त्यांनीच काढून दिलं, दोन वर्षांचं, कोणतं सेंटर, कोणता दिवस, सगळं आहे त्यात. मीच लिहिलेलं, पण माझ्या डोक्यातच नव्हतं.

एक विचारायचं राहिलं, स्पेसिफिकेशन मराठीत लिहिलं तर चालतं का? आणि मी तो परिच्छेद उडवायच्या आधी कुणी वाचला असेल तर काय?

भोसरीकर
मी वाचला होता ताई. दोनदा वाचला तरी मला कळला नाही. निर्धास्त राहा.

फॉर्म_नंबर_दोन
हिंदी किंवा इंग्रजी, मराठी चालत नाही. ड्रॉइंग काळ्या शाईत, ए-फोर कागदावर. आता परिच्छेदाचं. होता तो जेमतेम वीस मिनिटं, आणि त्यात तुम्ही "लॅबमधली जुनी वस्तू लावली" एवढंच मोघम लिहिलं होतं, बनवायचं कसं ते नव्हतं. तरी प्रोव्हिजनल याच आठवड्यात टाका. आणि दिरांना सांगा, कुठे काही टाकू नका म्हणून.

सॅम्पलवाली
दिरांना सांगायला गेले तर ते म्हणाले, वहिनी, कालच नव्या पेटीचा फोटो स्टेटसला ठेवलाय. झाकण बंद असलेला. उघडा नाही. तरी काढायला लावला, नऊ जणांनी बघितलाय, त्यातले चार घरातलेच.