‘विकसनशील मेंदू’, ‘नियंत्रण’, ‘इजा’: योग्य शब्द कोणते?

निशिगंध: जन्मताना श्वास कोंडलेल्या बाळांच्या आईवडिलांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. हाती आलेल्या मसुद्यात एक मथळा आहे: ‘विकसनशील मेंदूतील कॅल्शियम नियंत्रण व इजेप्रति असुरक्षितता’. यातला एकही शब्द मला धड वाटत नाही. सुचवाल का?

बोरूबहाद्दर: ‘विकसनशील’ आधी काढा. तो देशांना लावून लावून त्यात ‘मागे पडलेला’ अशी छटा बसली आहे. आईला वाटेल, बाळाच्या मेंदूतच खोट आहे. ‘घडणारा मेंदू’ लिहा. असुरक्षित माणसाला वाटतं, पेशीला नाही. आपल्याकडे ‘दुष्काळप्रवण’, ‘अपघातप्रवण’ रुळलेले आहेत, तसं ‘हानिप्रवण’ म्हणता येईल. पालकांसाठी मात्र ‘लवकर हानी पोचते’ एवढंच पुरे.

नवजात डॉक्टर: ‘हानी’च हवं. ‘इजा’ म्हटलं की घरचे लोक कुणी ओढलं, कुणाचा चिमटा लागला ते शोधू लागतात. इथे घाव बाहेरून झालेला नसतो. चेतापेशीच्या आतलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतं आणि हा फरक राखायला सतत ऊर्जा खर्ची पडते. ऑक्सिजन आणि रक्त तुटलं की ऊर्जा संपते, पेशींबाहेर ग्लुटामेट (चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) साचतं, त्याचे ग्राही (ते रसायन टिपून उघडणारी पेशीवरची दारं) उघडे राहतात आणि कॅल्शियम आत लोटतं. मग पेशीतली विकरं (एन्झाइम) तिचीच प्रथिनं तोडू लागतात, तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) बंद पडतात. १९६९ मध्ये अमेरिकी संशोधक जॉन ओल्नी यांनी या प्रकाराला नाव दिलं. त्यासाठी ‘उत्तेजनविषाक्तता’ हा शब्द वापरला जातो, पण मला ‘अतिउद्दीपनजन्य हानी’ जास्त कळतं.

घडणाऱ्या मेंदूत हेच ग्राही नव्या जोडण्या बांधण्यासाठी गरजेचे असतात, म्हणून ते सहज उघडतात. त्यांच्या तोंडाशी असलेला मॅग्नेशियमचा अडसरही तेव्हा सैल असतो. हानिप्रवणतेचं एक मोठं कारण हे.

निशिगंध: मग ‘नियंत्रण’ की ‘नियमन’?

बोरूबहाद्दर: नियमन. नियंत्रणात आवरून धरणं आहे. डॉक्टरसाहेब सांगतात त्यावरून कॅल्शियम आत येणंही गरजेचं दिसतं, फक्त वेळेवर आणि मापात.

निशिगंध: एक भीती आहे. ‘कॅल्शियम’ वाचलं की लोक गोळ्या आणि टॉनिककडे वळतील.

नवजात डॉक्टर: ताई, म्हणूनच पहिलं वाक्य हे ठेवा: ‘आईच्या खाण्यापिण्यातल्या कॅल्शियममुळे हे झालेलं नाही.’ अनेक आया हा दोष स्वतःकडे घेतात, मला ते रोज दिसतं. अशा बाळांच्या रक्तातलं कॅल्शियम उतरू शकतं, पण ती वेगळी गोष्ट, ते वॉर्डात तपासून भरून काढतात.

‘थंडावा देण्या’बद्दलही (बाळाचं शरीर रुग्णालयात ठरावीक काळ गार ठेवण्याचा उपचार) जपून लिहा. पहिल्या धक्क्यातून पेशी सावरल्यासारख्या वाटतात आणि काही तासांनी पुन्हा ढासळतात. त्या मधल्या वेळेसाठी हा उपचार आहे: पहिल्या ६ तासांत सुरुवात, ७२ तास, शरीराचं तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सियस. श्रीमंत देशांत त्याचा फायदा सिद्ध झाला. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही, उलट थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. मसुद्यात ‘जीवनदायी’ असं विशेषण असेल तर ते काढा, आणि ‘घरी बाळाला गार ठेवू नये’ हे ठळक अक्षरांत छापा.