'पर्सनल बाऊंड्री'ला आणि ती ओलांडण्याला मराठीत काय म्हणाल?

सतराव्या शतकातली इटालियन चित्रकर्ती आर्टेमिसिया जेंटिलेस्की, तिच्यावर लेख लिहितेय आणि एका शब्दाशी अडलेय. तिचं १६१० चं, बायबलच्या गोष्टीतल्या सुझानाचं चित्र, बघितलं असेल कुणी कुणी. सुझाना अंघोळीला बसलीय, दोन म्हातारे भिंतीवरून जवळजवळ तिच्या अंगावरच वाकलेत, एकाचं बोट ओठांवर, आणि ती तोंड फिरवून हात आडवे घालतेय. बाकी किती चित्रकारांची सुझाना लाडिक दिसते, हिची अजिबात नाही. इथे 'वैयक्तिक सीमेचं उल्लंघन' लिहिलं तर सिग्नल तोडल्यासारखं वाटतं.

———

मर्यादाभंग?

———

मर्यादा नको हो! मर्यादा आपल्याकडे बाईनेच पाळायची असते, म्हणजे भंगली तरी दोष तिच्याकडेच. विनयभंगाचं तेच, कायद्याचा शब्द आहे, आधी कलम ३५४ आता न्याय संहितेत ७४, पण भंग कशाचा तर तिच्या विनयाचा, त्या म्हाताऱ्यांनी काय केलं ते शब्दात कुठेच नाही. अतिक्रमण म्हटलं की पालिकेची गाडी आठवते. आणि सीमोल्लंघनाला तर आपण सोनं लुटतो :)

———

हे तिकडेही तसंच होतं. चित्रकार आगोस्तिनो तास्सीने १६११ मध्ये आर्टेमिसियावर बलात्कार केला, पुढच्या वर्षी रोममध्ये खटला चालला, तो वडिलांनी लावलेला, कारण नुकसान घराण्याच्या अब्रूचं धरायचे. आणि साक्ष खरी का बघायला दोऱ्या आवळल्या तिच्याच बोटांना, चित्रकर्तीच्या बोटांना! फक्त एक, सुझाना त्याच्या आधीची आहे, तेव्हा 'त्या घटनेतून आलेलं चित्र' असं लिहू नका, बरेच जण लिहितात.

———

सरळ 'अंगचटीला येणे' घ्या ना. करणारा कोण ते लगेच कळतं, आणि चित्रात अक्षरशः तेच चाललंय. तिच्या बाजूने 'अंग चोरणे'. जोडाक्षरी संस्कृत शब्द कशाला शोधताय, आपल्या आज्या बोलायच्या की हे.

———

अंगचटीला, मस्त! घेतला. आता नंतरच्या भावनेला काय? खटल्यानंतरच्या ज्युडिथच्या चित्रांना (बायबलच्या गोष्टीत शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याची मान कापणारी ती) सगळे 'सूडचित्रं' म्हणतात.

———

सूड मला नाही पटत. चेहरे बघा, ज्युडिथ आणि दासी दोघी बाह्या सारून काम उरकतायत, एकीने दाबून धरलंय, दुसरी मान कापतेय. मी 'शिसारी' लिहीन. आघात, मानसिक परिणाम वगैरे डॉक्टरी शब्द झाले, शिसारी अंगावर येते. आणि ज्युडिथ होलोफर्नेसचा गळा कापतानाही हात लांब करून अंग मागे घेते बघा, तेव्हा 'अंग चोरणे' या चित्रालाही चालेल.