मराठी माध्यम आणि आयटीची मुलाखत : तुमचे अनुभव लिहा

माझा भाचा माटुंग्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कोड छान लिहितो, पण मुलाखतीत 'विचार बोलून दाखव' म्हटलं की तोंडातून शब्द फुटत नाही. काल पुन्हा दुसऱ्या फेरीत गळला, रात्री जेवलाही नाही. मुंबईतल्या आयटीवाल्यांनो, मुलाखतीचे, नोकरीचे, जे असतील ते अनुभव लिहा. त्याला वाचायला देणार आहे.

*

ताई, त्याच्यासाठी मुद्दाम लिहितेय. मी लालबागची, शाळा महापालिकेची. २०११ मध्ये अंधेरीच्या सीप्झला मुलाखत होती. प्रश्न असा : लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या कड्यांची (नोडची) साखळी, कुठे मागे वळून स्वतःलाच जोडली गेली आहे का, ते जादा मेमरी न वापरता ओळखायचं. उत्तर डोक्यात होतं, इंग्रजी वाक्य जुळेना. हातातला मार्कर घामाने निसटत होता. सरांनी माझ्या बायोडेटावर नजर टाकली आणि म्हणाले, "मराठीत सांगा." म्हटलं, सर, शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती दोघं फेऱ्या मारतायत, एक चालतोय, एक धावतोय. रस्ता गोल असेल तर धावणारा चालणाऱ्याला मागून गाठणारच. सरळ असेल तर तो आधी टोकाला पोचेल, विषय संपला. म्हणून दोन पॉइंटर, म्हणजे कुठल्या नोडवर आहोत ते दाखवणारे बाण : एक एकेक नोड पुढे जाणारा, दुसरा दोन-दोन. सर म्हणाले, "हीच फ्लॉइडची पद्धत. आता फळ्यावर कोड लिहा." लिहिला. आज मी टेबलाच्या त्या बाजूला बसते. कुणी अडलं की मराठी, हिंदी, जे येत असेल त्यात सांगायला लावते.

*

ऐरोलीत सहा वर्षं मुलाखती घेतोय. आमच्या फॉर्मवर व्याकरणाचा रकाना नाही. लिस्ट रिकामी असेल तर? एकच नोड असेल तर? हे उमेदवाराने आपणहून विचारलं की मला बरं वाटतं. दहा मिनिटं गप्प बसून बरोबर कोड दिला, तर त्याच्याबद्दल लिहू काय?

*

मी नोकरी बदलतानाचं सांगतो. नोटीस पिरियड ९० दिवसांचा, नव्या कंपनीला माणूस ३० दिवसांत हवा. एचआरच्या फोनवर विश्वास ठेवून राजीनामा टाकला आणि ऑफर लेटर आलंच नाही. चार महिने घरी होतो. लोकलचा पास संपला, तो काढायचं कारणच उरलं नाही. हात जोडून सांगतो, लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

*

बाळंतपणानंतर पवईत मुलाखतीला गेले. पहिलाच प्रश्न, "बाळ कोण सांभाळणार?" मी विचारलं, पाळणाघर कुठल्या मजल्यावर आहे? ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ते द्यावंच लागतं, आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. एवढ्या मोठ्या ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फार राग आला. ती नोकरी मी घेतली नाही.

*

लालबागच्या ताई, भाच्याने तुमचं दोनदा वाचलं. आत्ता वहीत गोल कट्टा काढून बसलाय, बाजूला दोन बाण.

*

अगं, मग शनिवारी दुपारी ३ ला व्हिडिओ कॉलवर बसव त्याला. मराठीत सुरुवात करू, इंग्रजीचं नंतर बघू.